जे बदलता येत नाही, ते आधी बघा

बारावीचे निकाल लागले आणि अभियांत्रिकी, वास्तुकला, ॲनिमेशनचे प्रवेश सुरू झाले की घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. मुलांना दिवसा ऑटोकॅड किंवा ब्लेंडर चालवायचं असतं, रात्री मित्रांबरोबर गेम खेळायचे असतात, आणि ही दोन्ही कामं एकाच यंत्रावर व्हावीत ही त्यांची अपेक्षा अगदी रास्त आहे. त्यासाठी लाखाच्या आसपास रक्कम मोजली जाते, अनेकदा हप्त्यांवर. एवढी महाग वस्तू निवडताना मात्र आपण दुकानातल्या पाटीवरचे तीन-चार आकडे वाचतो: प्रोसेसर कोणता, रॅम किती, एसएसडी किती, ग्राफिक्स कार्डाचं नाव काय. माझ्या मते इथेच गल्लत होते. लॅपटॉपमधले काही भाग एका स्क्रू-ड्रायव्हरने अर्ध्या तासात बदलता येतात, तर काही भाग यंत्र भंगारात जाईपर्यंत तेच राहतात. पैसा आधी या दुसऱ्या प्रकारच्या भागांवर खर्च व्हायला हवा, आणि पाटी नेमकी त्यांच्याबद्दलच गप्प असते.

न बदलणाऱ्या भागांत पहिला मान ग्राफिक्स चिपचा. एनव्हिडियाने 2004 मध्ये एमएक्सएम ही जोडणी आणली, तेव्हा लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड काढून दुसरं बसवता येईल अशी आशा निर्माण झाली होती. ती फार टिकली नाही. फ्रेमवर्क कंपनीच्या 16 इंची लॅपटॉपसारखे मोजके अपवाद सोडले, तर आज ही चिप मदरबोर्डला कायमची झाळलेली असते. म्हणजे खरेदीच्या दिवशी जी मिळाली, तीच शेवटपर्यंत. अशा चिपची निवड आपण निव्वळ नावावरून करतो, आणि नाव फसवं असतं. ‘आरटीएक्स 4060’ या लॅपटॉपच्या चिपसाठी एनव्हिडियानेच 35 ते 115 वॅट असा पट्टा दिलेला आहे. त्यात किती वीज द्यायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एका लॅपटॉपात ही चिप मोकळेपणाने धावते, दुसऱ्यात तिला जेमतेम श्वास घेता येतो, आणि दोन्ही डब्यांवर स्टिकर मात्र एकच. त्याच पिढीतली ‘आरटीएक्स 4070’ घेतली तरी लॅपटॉपमध्ये तिच्याकडे स्वतःची मेमरी 8 जीबीच आणि वॅटचा पट्टाही तोच. त्यामुळे उपाशी ठेवलेली 4070 पोटभर वीज मिळणाऱ्या 4060 च्या मागे पडू शकते, आणि गिऱ्हाईक जास्तीचे पैसे नावापोटी देऊन बसतं. सर्वांत वरच्या ‘4090’ची गोष्ट याहून बोलकी आहे. डेस्कटॉपच्या 4090 मध्ये 24 जीबी मेमरी असते आणि ती 450 वॅटपर्यंत वीज खाते. लॅपटॉपच्या 4090 मध्ये मेमरी 16 जीबी, मूळ वीजमर्यादा 150 वॅट, आणि आतली सिलिकॉनची चकती डेस्कटॉपच्या 4080 मध्ये वापरतात त्या जातीची. लॅपटॉपच्या आकारात 450 वॅटची उष्णता सामावणार नाही, हे कुणालाही मान्य होईल. प्रश्न एवढाच की मग नाव तेच का? पूर्वी कमी विजेच्या चिपांना ‘मॅक्स-क्यू’ अशी वेगळी ओळख तरी होती. 2021 च्या 30 मालिकेपासून ती नावातून गेली आणि वॅटचा आकडा शोधण्याचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडलं.

दुसरी न बदलणारी गोष्ट म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था: तांब्याच्या नळ्या, पंखे, हवा आत-बाहेर जाण्याच्या फटी. आपल्याकडे हा मुद्दा शोभेचा नाही. बहुतेक कंपन्या आपलं यंत्र 35 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावं असं सांगतात. चंद्रपूर, नागपूर, अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो आणि वसतिगृहाच्या खोलीत वातानुकूलन नसतं. चिप शंभर अंशांच्या आसपास तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. पातळ, देखणा लॅपटॉप दुकानाच्या थंड हवेत पाच मिनिटं चालवून पाहिला तर हे कधीच कळत नाही. अर्ध्या तासाच्या रेंडरिंगनंतर कळतं. म्हणून जाड आणि पाव-अर्धा किलो जड यंत्राला नाक मुरडू नये. तसंच बॅटरीच्या तासांवर फार जीव टाकू नये. विमानात खास परवानगीशिवाय 100 वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून कंपन्या सहसा त्या हद्दीतच राहतात. पूर्ण जोरात गेम चालताना यंत्र दीडशे-दोनशे वॅट ओढत असेल, तर बॅटरी किती वेळ पुरेल याचा हिशेब शाळकरी मुलंही करतील. ही यंत्रं प्लगला जोडूनच वापरायची असतात. पडद्याबद्दल एकच सांगतो: चित्र, छपाई किंवा व्हिडिओचं काम असेल तर ‘45 टक्के एनटीएससी’ लिहिलेला पडदा नको, कारण त्यावर रंग खरे दिसतच नाहीत.

आता बदलता येणारे भाग. दोन स्लॉट असलेल्या लॅपटॉपात आज एकच रॅमची पट्टी घेतली आणि पुढे तशीच दुसरी जोडली, तर क्षमता दुप्पट होते आणि दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण होऊ लागल्याने वेगही सुधारतो. एसएसडीसाठी दुसरा एम.2 स्लॉट असला तर जुनी न काढता नवी बसते. यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो खोटा नाही: झाळलेली रॅम कमी वीज खाते, जागा वाचवते आणि जास्त वेगाने चालते. ॲपलच्या यंत्रांची बॅटरी इतकी टिकते त्यात या रचनेचाही वाटा आहे. ज्यांना दिवसभर फिरतीवर लिखाण, हिशेब, बैठका करायच्या आहेत त्यांनी तसं यंत्र जरूर घ्यावं. पण कायम प्लगला जोडलेल्या, अडीच किलोच्या गेमिंग लॅपटॉपात रॅम झाळून ठेवण्याला मला तरी पटणारं कारण दिसत नाही. शिवाय वेग की सोय, असा पेचही आता पूर्वीइतका घट्ट राहिलेला नाही. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने 2023 च्या अखेरीस कॅम2 नावाची नवी रचना प्रसिद्ध केली. तिच्या कमी विजेच्या प्रकारात झाळलेल्या रॅमच्याच जातीची मेमरी स्क्रूने बसवता येते. लेनोव्होने 2024 मध्ये थिंकपॅड पी1 मध्ये ती वापरलीही.

आणखी एक आक्षेप गेल्या काही महिन्यांत जोरात आला आहे. ‘रॅम नंतर स्वस्तात घेऊ’ हा जुना सल्ला 2025 च्या अखेरीस सपशेल उताणा पडला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा साठा ओढून घेतला, भाव भडकले, आणि मायक्रॉनने तर सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. मग आजच सगळं भरून घ्यावं का? परवडत असेल आणि कामाला लागत असेल तर घ्यावं. पण ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी महागाईत स्लॉटचं मोल वाढतं. आज 16 जीबीवर भागवून पुढे भाव उतरल्यावर भर घालायची मुभा त्याला स्लॉट देतो. झाळलेली रॅम चढ्या भावाचा निर्णय कायमचा गळ्यात बांधते. ‘एवढं कोण उघडून बघतं, चार वर्षांनी नवाच घेतात’ असंही म्हटलं जातं. वास्तुकलेची पदवीच पाच वर्षांची आहे, आणि कर्ज काढून घेतलेलं यंत्र पदवीच्या आधी बाद होणं कुठल्याही कुटुंबाला परवडणारं नाही. त्याच पैशांत जास्त ताकदीचा डेस्कटॉप येतो हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. ज्याची जागा पक्की आहे त्याने तोच घ्यावा. वसतिगृह, भाड्याची खोली आणि दर सुट्टीत गावी जाणारी एसटी ज्यांच्या वाट्याला आहे, त्यांच्यापुढे तो पर्याय नाही.

ही निवड एकट्या गिऱ्हाइकाच्या हुशारीवर सोडता येणार नाही. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि 2025 मध्ये एका समितीने दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा आराखडा सरकारला दिला, पण त्याचा सुरुवातीचा भर मोबाइल आणि टॅबलेटवर आहे. लॅपटॉपला त्यात लवकर जागा मिळायला हवी. फ्रिज आणि एसीवरचे तारे वाचायला आपण शिकलो. ग्राफिक्स चिपचे वॅट, रॅमचे स्लॉट, बॅटरी आणि पंख्याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील, एवढ्या चार ओळी लॅपटॉपच्या डब्यावरही सक्तीने यायला हव्यात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि गावोगावच्या छोट्या दुकानांत जुन्या यंत्रांना आणखी तीन-चार वर्षं काढायला लावणारे कसबी कारागीर आहेत. भागच सुटे मिळाले नाहीत, तर त्यांच्या कसबाचा उपयोग होणार कसा?

तोवर एवढं करा. पैसे देण्याआधी नेमक्या त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल शोधा. लेनोव्हो, डेल, एचपी यांसारख्या कंपन्या अनेक मॉडेलांच्या पुस्तिका मोफत देतात आणि त्यात कोणता भाग निघतो, कोणता नाही हे चित्रांसह असतं. मग दुकानदाराला विचारा: ही चिप किती वॅटवर चालते, रॅमचे स्लॉट किती आणि त्यातला रिकामा किती, स्वतः रॅम वाढवली तर वॉरंटी राहते का. उत्तरं बिलावर लिहून मागा. जो दुकानदार ती लिहून देणार नाही, त्याच्याकडून लाख रुपयांचं यंत्र घेऊ नका.