एकट्याचे दुःख आणि सर्वांचे गाणे

बदनापुरात १४ एप्रिल जवळ आला की वर्गणीच्या पावत्या फाटतात, डीजे ठरतो आणि मिरवणुकीत तरुण पोरे बेभान नाचतात. नाचू द्या! ज्यांच्या आज्या-पणज्यांना रस्त्याच्या कडेने चालावे लागले, त्यांची नातवंडे भर रस्त्यात नाचतात, यात आम्हाला गैर काही वाटत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. डीजेच्या भिंतीपुढे शेकडो माणसे उभी असतात, पण त्यात गाणारा एकही नसतो. आणि १५ एप्रिलला जो तो आपल्या घरात, आपल्या काळजीसह एकटा!

आपली चळवळ मात्र गात गात वाढली आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे गावोगाव फिरले. चवदार तळ्याचा आणि काळाराम मंदिराचा लढा निरक्षर माणसाला जलशाने समजावला. देशवंडीचे वामनदादा कर्डक २००४ मध्ये जाईपर्यंत भीमगीतांसाठीच जगले. माजलगावच्या भीमनगरातील बायांच्या जात्यावरच्या भीमओव्या अभ्यासकांनी १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित केल्या. हे सारे गाणे मुळात सर्वांचे होते. बुवाने ओळ टाकायची आणि कोरसने ती उचलायची. कोरसला गोड गळा लागत नाही, हजेरी लागते.

आज ही हजेरीच मोडली आहे. कोणी जालन्याच्या स्टील कारखान्यात पाळी करतो, कोणी ऊसतोडीला जातो, बचत गटाचा हप्ता चुकलेली बाई दार लावून बसते, स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा हुकलेला पोरगा कोणाशी बोलत नाही. जातीचा अपमान तर पाचवीला पुजलेला. मग झोप उडते, जेवण जात नाही, माणूस आतून पोखरला जातो. शेजारचे म्हणतात, ‘कोणीतरी काही केलं असेल, बाहेरचं बघा.’ बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने आता देवऋषाच्या दारी जायचे काय?

एकत्र गाण्याने मन सावरते, ही नुसती भावनेची गोष्ट नाही. बाळंतपणानंतर नैराश्याने ग्रासलेल्या १३४ मातांचा अभ्यास इंग्लंडमध्ये झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणींना दहा आठवडे बाळांसह एकत्र गायला बसवले. ज्यांच्यात लक्षणे जास्त होती, त्यांच्यापैकी गाणाऱ्या मातांना इतरांपेक्षा लवकर उतार पडला. कारण समजण्यासारखे आहे. गाताना श्वास लांबतो, दहा जणांचा ठेका एक होतो आणि आपल्याशिवाय ही ओळ अपुरी आहे, असे प्रत्येकाला वाटते.

पण आम्ही भाबडे नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. चारच दिवसांनी लोकशाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीवन संपवले. ज्यांचे गाणे लोक उचलून धरत, तो माणूस त्या घटकेला एकटा होता. म्हणून आम्ही म्हणतो, गाणे हे अन्यायावरचे औषध नव्हे. अन्यायाशी लढावेच लागेल. नुसते गाऊनही भागत नाही. ‘तू आज का आला नाहीस?’ असे विचारणारे कोणीतरी हवे. दर आठवड्याला जमणाऱ्या कोरसची खरी ताकद ही आहे. तिथे एक आवाज कमी झाला तर लगेच कळते.

भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर भिक्खू राजगृहाला जमले आणि त्यांनी धम्मवचने एकत्र म्हणून जतन केली. त्या सभेला नाव पडले संगीती, म्हणजे एकत्र गाणे. विहारात सर्वांनी मिळून गाणे ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही.

तेव्हा बदनापूरच्या आणि आसपासच्या गावांतील जयंती मंडळांना आमचे सांगणे आहे. डीजेच्या पैशातून एक ढोलकी आणि एक पेटी घ्या. दर रविवारी सायंकाळी वंदनेनंतर तासभर विहारात गा. सुपारी नको, स्पर्धा नको, स्टेज नको. सूत्रे महिला मंडळाकडे द्या, ओव्या त्यांनाच येतात. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होतेच, त्याला गाण्याची जोड द्या. जो दोन रविवार आला नाही, त्याच्या घरी जा. जो फार खचला आहे, त्याला सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार डॉक्टरकडे न्या. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक विहाराच्या भिंतीवर ठळक लिहा. उपचार हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे, त्यात लाज कसली?

बाबासाहेबांनी आम्हाला संघटित व्हायला सांगितले. संघटना केवळ मोर्चाच्या दिवशी नसते. शेजारच्या घरातला आवाज का बंद झाला, हे ज्या वस्तीला कळते ती खरी संघटित वस्ती. येत्या रविवारी विहाराचे दार उघडा आणि पहिली ओळ कोणीतरी टाका. उचलायला आम्ही आहोत.

जयभीम!