विटांना टांगलेले आरोग्य खाते

ज्या महाराष्ट्राच्या कारखान्यांत मोटारीच्या इंजिनाचा सुटा भाग घडवताना मिलिमीटरच्या शतांशाची चूक खपवून घेतली जात नाही, ज्या महाराष्ट्राचे राज्यकर्ते प्रत्येक व्यासपीठावरून आपले राज्य प्रगत आणि पुरोगामी असल्याची द्वाही फिरवतात, त्याच महाराष्ट्रातील कितीतरी सरकारी रुग्णालयांच्या अस्थिरोग वॉर्डांत मांडीचे हाड मोडलेल्या माणसाच्या पायाला बँडेजच्या पट्टीने बांधलेल्या विटा लोंबकळतात, खाटेचा पायथा उचलण्यासाठी पुन्हा विटाच रचलेल्या असतात, आणि त्या विटांवरून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापासून पाहणीला आलेल्या मंत्र्यापर्यंत साऱ्यांची नजर सराईतपणे घसरत पुढे जाते. या दृश्याला गरिबी म्हणायला आम्ही तयार नाही. हा निर्लज्जपणा आहे.

मांडीचे हाड हे माणसाच्या शरीरातले सर्वांत लांब आणि बळकट हाड. ते मोडले की भोवतालचे दणकट स्नायू आखडतात, तुटलेली टोके एकमेकांवर चढतात, पाय आखूड होतो, टोकदार हाड आतल्या आत मांस आणि रक्तवाहिन्या फाडत राहते, आणि बाहेर एक थेंबही न दिसता लिटर-दीड लिटर रक्त मांडीतच साचून धडधाकट माणूस डोळ्यांदेखत गारठत जातो. शस्त्रक्रिया होईपर्यंत, आणि जिथे ती होतच नाही तिथे हाड सांधेपर्यंत, स्नायूंच्या या ओढीविरुद्ध पायाला सतत, सरळ आणि मोजका ताण देत राहावे लागते. ताण कमी पडला तर हाड चढलेलेच राहते. जास्त झाला तर टोकांमध्ये फट पडून सांधणे लांबते. मध्येच सुटला तर सारी वेदना पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणूनच हे वजन रुग्णाच्या अंगकाठीकडे पाहून किलोत ठरवायचे असते. अर्ध्या फुटक्या विटेचे वजन किती, हे ती बांधणाऱ्या मामांना ठाऊक नसते, रात्रपाळीच्या सिस्टरला ठाऊक नसते, आणि केसपेपरवर किलोचा आकडा लिहिणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसते. ते फक्त रुग्णाच्या पायाला ठाऊक असते.

या अनर्थावरचे साधन काही परग्रहावरून आणायचे नाही. घडी घालता येणारी, एका माणसाला उचलून नेता येणारी एक धातूची चौकट; तिला दोन-तीन कप्प्या, पाय झुलता ठेवणाऱ्या कापडी पट्ट्या, टाच अधांतरी ठेवणारी सोय, आणि वजनाचा आकडा कोरलेली लोखंडी वजने, किंवा ताण चौकटीतच अडकवून ठेवणारी कडी आणि दोर. बस्स. अशी चौकट खाटेवर उभी राहते, स्ट्रेचरवर बसते, रुग्णवाहिकेत शिरते, आणि खाट नसल्यामुळे जमिनीवर गादी टाकून झोपवलेल्या रुग्णाच्या पायाखालीही उलगडते. हे शेवटचे वाक्य सरकारने दोनदा वाचावे. कारण कप्पी खाटेच्या दांड्याला बसवावी लागते आणि प्रतिताणासाठी खाटेचाच पायथा उचलावा लागतो. म्हणजे ज्याला खाट नाही त्याला धड ताणही नाही. दोन खाटांच्या मधल्या फरशीवर पाय उशीला टेकवून पडलेल्या माणसाला सरकारी नोंदीत ‘दाखल’ म्हणतात. आम्ही त्याला टाकून दिलेला म्हणतो.

आणि ज्याला खाट मिळते त्याचे तरी काय होते? एक्स-रेसाठी नेताना वजन सोडले जाते, कारण विटा स्ट्रेचरवरून नेता येत नाहीत. तळमजल्यावरच्या रांगेत तासभर तो पाय तसाच पडून राहतो, मोडलेली टोके पुन्हा एकमेकांवर चढतात, आणि परत आल्यावर तीच वीट त्याच पट्टीने पुन्हा बांधली जाते. पुढे ‘इथे सोय नाही’ असे सांगून ग्रामीण रुग्णालय उपजिल्हा रुग्णालयाकडे, ते जिल्ह्याच्या सिव्हिलकडे, आणि सिव्हिल मोठ्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे रुग्णाला रेफर करत राहते, तेव्हा खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर त्याच्या मांडीत हाडाची टोके किती वेळा रुतली याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही.

कोणी म्हणेल की हे शास्त्र अवघड आहे, साधने परदेशी आहेत, प्रशिक्षण महाग आहे. अशांसाठी थोडा इतिहास. लिव्हरपूलच्या गोदी कामगारांवर उपचार करणारे, हाडे बसवणाऱ्यांच्या पिढीजात घराण्यातले डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस यांनी लोखंडी सळई आणि चामड्याचे कडे यांची साधी पायपट्टी १८७५ साली ग्रंथात वर्णन करून ठेवली होती. बैठकीच्या हाडाला टेकणारे कडे आणि पावलापाशी बांधलेला दोर यांच्यामुळे ताण पट्टीतच कोंडला जातो, लोंबते वजन लागत नाही, आणि रुग्ण कुठेही नेता येतो. आपल्या रुग्णांच्या मापाच्या पट्ट्या घडवण्यासाठी थॉमस यांनी स्वतःच्या पदरी लोहार आणि चामड्याचे काम करणारा कारागीर ठेवला होता. ते १८९१ साली वारले, तेव्हा त्यांच्या देशाच्या वैद्यकविश्वाने या साधनाची फारशी पत्रास ठेवलेली नव्हती. मग पहिले महायुद्ध आले. गोळी लागून मांडी मोडलेल्या दहा सैनिकांपैकी आठ दगावू लागले, तेव्हा थॉमस यांचे शिष्य आणि आप्त रॉबर्ट जोन्स यांनी तीच पट्टी आघाडीवर पोहोचवण्याचा ध्यास घेतला. शिबिका वाहणाऱ्या साध्या शिपायांना ती अंधारातही बांधता यावी म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून कवायत करवून घेतली गेली. १९१७ च्या आरासच्या लढाईत अशा हजाराहून अधिक जखमींमधील मृत्यूचे प्रमाण १५.६ टक्क्यांवर आले. नवे औषध नव्हते, प्रतिजैविके नव्हती, हाडात बसवायची सळईही अजून दोन दशके दूर होती. केवळ एक लोखंडी चौकट वेळेवर, जखमी पडला तिथे पोहोचली होती. तोफांच्या भडिमारात जे जमले, ते शांततेच्या काळात आम्हाला जमत नाही.

शांततेचा काळ तरी कसला? २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि चार लाख चाळीस हजारांहून अधिक जखमी झाली, असे केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते. त्यांच्या जोडीला पाड्यापाड्यांवरून येणारा तो रुग्ण आठवा, ज्याच्यापर्यंत मोटार पोहोचतच नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात, नंदुरबारच्या सातपुड्यात, भामरागडच्या जंगलात आजही आजारी माणसाला चादरीची झोळी करून, बांबूला बांधून, ओढे-नाले तुडवत खांद्यावरून आणावे लागते. झोळीत माणूस धनुष्यासारखा वाकतो. ज्याची मांडी मोडली आहे त्याच्यासाठी त्या झोळीतले प्रत्येक पाऊल म्हणजे यातना, आणि त्या यातनेबद्दल आपली व्यवस्था म्हणते काय, तर ‘वेळेवर आणले नाही’! पाड्यावर पोहोचणाऱ्या आरोग्यसेवकाच्या हाती घडीची एक चौकट आणि ती बांधण्याचे दोन दिवसांचे शिक्षण द्यायला ज्यांना वेळ झाला नाही, त्यांनी वेळेची भाषा बोलू नये.

हे का होत नाही, याचे उत्तर प्रत्येक भांडार विभागाला माहीत आहे आणि प्रत्येक जिल्हा नियोजन समितीला माहीत आहे. कोट्यवधींच्या यंत्राला निविदा असते, निविदेला ठेकेदार असतो, उद्घाटनाला फीत असते, फितीपुढे छायाचित्रकार असतो, आणि मग ते यंत्र चालवणारा तंत्रज्ञच नेमलेला नसल्यामुळे प्लॅस्टिकच्या वेष्टनात धूळ खात पडले तरी त्याच्या खरेदीचे श्रेय वसूल झालेलेच असते. घडीच्या चौकटीला यातले काहीच नाही. तिच्यावर कोणाची टक्केवारी निघत नाही, तिच्यासमोर नारळ फुटत नाही, तिच्यावर कोणाच्या मातोश्रींचे नाव कोरता येत नाही. तिचा लाभ ज्याला होतो तो ऊसतोड मजूर, बांधकामावरचा बिगारी, झाडावरून पडलेला आदिवासी, दुचाकीवरून फेकला गेलेला शाळकरी पोरगा. या माणसांचा पाय वाचल्याने कोणाचे पद वाढत नाही. म्हणून तो वाचवला जात नाही.

काही विद्वान यावर म्हणतील की ट्रॅक्शन, म्हणजे ताण देण्याचा हा उपचार, आता कालबाह्य झाला, आता सळई बसवतात, रुग्ण लगेच उभा राहतो. मान्य. शंभर वेळा मान्य. मांडी मोडलेल्या प्रत्येक प्रौढाची शस्त्रक्रिया वेळेवर होत असती, तर हा अग्रलेख आम्ही लिहिलाच नसता. पण भूलतज्ज्ञ नाही म्हणून, रक्त मिळाले नाही म्हणून, सळई बाहेरून आणायला सांगितली आणि नातेवाइकांजवळ पैसे नाहीत म्हणून, ऑपरेशनची यादी लांबली म्हणून जो माणूस आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस वाट पाहतो, त्याचा पाय त्या दिवसांत कोणी धरून ठेवायचा? आधुनिक उपचार द्यायचा नाही आणि जुना उपचार आधुनिक नाही म्हणून तोही धड करायचा नाही, या युक्तिवादाला शास्त्र म्हणत नाहीत. ती जबाबदारीतून सुटण्याची पळवाट आहे.

आणि परिणाम? पाय बाहेरच्या बाजूला कलंडला की गुडघ्याखालच्या हाडाच्या डोक्यापाशी मज्जातंतू दबतो आणि पाऊल कायमचे लुळे पडते. हालचाल बंद पडल्याने कमरेला आणि टाचेला शय्याव्रण होतात, शिरांत रक्त गोठते, म्हाताऱ्यांच्या छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. हाड वाकडे सांधले की पाय दोन-तीन इंचांनी आखूड होतो, आणि ओझे उचलून पोट भरणाऱ्याचे उचलणेच संपते. मग घरातली बाई दुप्पट मजुरीला जाते, मुलगी शाळा सोडते, सावकाराच्या वहीत नाव चढते आणि बांधावरचा तुकडा विकला जातो. वॉर्डात आठ दिवस पडून कंटाळलेले नातेवाईक ‘इथे काही होत नाही’ म्हणत रुग्णाला उचलून हाडवैद्याकडे नेतात, आणि त्यानंतर त्यांना अडाणी ठरवायला आपण सारे मोकळे! विश्वास त्यांनी गमावला नाही. तो आपण दवडला.

कायद्याचे काय, असे विचारणाऱ्यांना १९९६ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा आठवत असेल. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून जखमी झालेल्या मजुराला खाट नाही म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले, तेव्हा न्यायालयाने स्पष्ट सांगितले की वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण ही त्यावरची सबब होऊ शकत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के सार्वजनिक खर्च २०२५ पर्यंत आरोग्यावर करण्याचे वचन दिले होते. २०२५ येऊन गेले. वचन कागदावरच राहिले.

परंतु केवळ सरकारवर खापर फोडून आम्ही समाजाला मोकळे सोडणार नाही. गोपाळकाल्याला सात-आठ थरांवर लाखालाखांची बक्षिसे लावणारे आयोजक, त्यांच्या मंचावर मिरवणारे लोकप्रतिनिधी आणि खाली जल्लोष करणारे आपण सारेच, त्याच रात्री वरच्या थरावरून कोसळलेली पोरे कोणत्या वॉर्डात कशी पडली आहेत हे पाहायला का जात नाही? देवळाच्या कळसाला सोने आणि नेत्याच्या वाढदिवसाला फलक देणारे गाव आपल्या ग्रामीण रुग्णालयाला चार चौकटी का देत नाही? १८९७ च्या प्लेगमध्ये तापाने फणफणलेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत गेलेल्या आणि त्याच साथीत देह ठेवलेल्या सावित्रीबाईंचे नाव आपण विद्यापीठाला देतो, पुतळ्याला देतो, भाषणाला देतो. रुग्ण मात्र दुसऱ्याने वाहावा, ही आपली अपेक्षा! जयंती साजरी करणे सोपे असते. वारसा चालवणे कठीण असते.

आमच्या मागण्या म्हणून नेमक्या आहेत. राज्यातील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात घडीच्या पुरेशा चौकटी, निरनिराळ्या मापांच्या पट्ट्या आणि आकडा कोरलेली वजने असलीच पाहिजेत. २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या प्रत्येक रुग्णवाहिकेत ताण न सुटता रुग्ण नेण्याचे साधन चालू स्थितीत आहे की नाही, याची तपासणी होऊन तिचा निकाल जाहीर झाला पाहिजे. ते साधन बांधण्याचे शिक्षण डॉक्टरांपुरते न ठेवता सिस्टर, मामा, चालक आणि पाड्यावरचा आरोग्यसेवक यांना दिले पाहिजे, आणि दरवर्षी त्याची कवायत झाली पाहिजे. उत्पादनाची चिंता कोणी करू नये. राज्यात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तिथला वेल्डिंग आणि फिटिंग शिकणारा विद्यार्थी सराव म्हणून लोखंडाचे तुकडे जोडतो आणि भंगारात टाकतो. त्याच्या हाती अस्थितज्ज्ञाने मंजूर केलेला आराखडा द्या. जयपुरात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा या जोडीने रबर आणि लाकडातून असा पाय घडवला की त्यावर शेतकरी चिखलात चालू शकला. तेव्हा शल्यचिकित्सक आणि कारागीर एका बाकावर बसले की गरिबाचे साधन गरीब देशातच उत्तम घडते, हे केव्हाच सिद्ध झालेले आहे. पैशासाठी विधिमंडळाच्या अधिवेशनाचीही वाट पाहण्याचे कारण नाही. रुग्ण कल्याण समितीचा निधी अशाच कामासाठी असतो. उद्या सकाळी बैठक लावा, ठराव करा, महिन्याभरात साहित्य आणा, आणि ज्या जिल्ह्यात ते आले नाही तिथल्या जिल्हा शल्यचिकित्सकाला विधिमंडळाच्या समितीसमोर उभे करून जाब विचारा.

वाचकहो, आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात या आठवड्यात जा, अस्थिरोग वॉर्डात उभे राहा, पायाला काय बांधले आहे ते डोळ्यांनी पाहा, माहितीच्या अधिकारात साहित्याची यादी मागा, आणि ती यादी घेऊन आपल्या आमदाराच्या दारात ठाण मांडा. कारण जे सरकार लाजेने हलत नाही ते लोकांच्या गर्दीने हलते, आणि जो समाज दुसऱ्याच्या मोडलेल्या हाडाबद्दल विचारणा करायला उठत नाही, त्याला स्वतःचे मोडेल तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही. निवेदने पुष्कळ झाली. आता चौकटी मोजा.