विकीने तलाठी होऊ नये

दहा वर्षांपूर्वीचा सातबारा घेऊन कुणी पीककर्जाला गेलं, तर बँक ताजा उतारा आणायला सांगते. जुना कागद खोटा नसतो. मधे फेरफार झाले असतील, एवढीच शंका असते. जमिनीच्या बाबतीत आपण इतके जागरूक, पण कंपनीच्या विकीवर तीन वर्षांपूर्वी कुणीतरी एक्सेलमधून चिकटवलेला तक्ता मात्र बिनदिक्कत खरा मानतो. मग रात्री दोनला सर्व्हर बसतो, ‘आज ड्युटीवर कोण’ या पानावरचा नंबर फिरवावा, तर तो गृहस्थ नोकरी सोडून गेलेला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जी माहिती सतत बदलते आणि जिचं हक्काचं घर दुसरीकडे आहे, ती विकीवर हाताने उतरवू नये. मूळ डेटाबेसमधून किंवा तिकिटांच्या प्रणालीतून जोडणीने मागवावी. याला विरोध आहे, आणि तो पोकळ नाही. तेव्हा आधी पूर्वपक्ष.

पहिला आक्षेप तत्त्वाचा. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी सुरू केली. नाव घेतलं होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसचं. हवाईच्या भाषेत त्याचा अर्थ लवकर लवकर. चूक दिसली की पान उघडावं आणि तिथल्या तिथे दुरुस्त करावी, हा विकीचा प्राण. बाहेरून आपोआप येणारा तक्ता वाचकाला बदलता येत नाही. मग विकी आणि सूचनाफलक यांत फरक काय?

उत्तर विकीच्या घरातच आहे. विकिपीडियावर एखादा लेख आणखी कोणत्या भाषांत आहे, याची यादी पूर्वी प्रत्येक भाषेतल्या पानावर वेगळी ठेवावी लागे. लेख ५० भाषांत असेल तर प्रत्येक पानावर ४९ दुवे, एकूण २,४५०. एकावन्नावी भाषा आली की आधीची पन्नासही पानं बदलायची. ही हमाली बॉट करत. ऑक्टोबर २०१२ मध्ये विकिडेटा हा सगळ्या भाषांचा सामाईक माहितीसाठा सुरू झाला आणि पुढच्या वर्षी ही यादी तिथे एका जागी गेली. लेख लिहिणाऱ्याचं स्वातंत्र्य तसूभर कमी झालं नाही.

मात्र इंग्रजी विकिपीडियाच्या अनेक संपादकांनी माहितीचौकटीत विकिडेटातला मजकूर थेट आणायला विरोध केला, हेही सांगायला हवं. तिथली एक चूक अनेक पानांवर पसरते, आणि आधार कोणता, दुरुस्ती कुठे करायची, हे पानावरून नीट कळत नाही, ही त्यांची तक्रार. ती रास्त आहे. पण तिचा निष्कर्ष जोडणी तोडा असा निघत नाही. प्रत्येक तक्त्याखाली माहिती कुठून आली आणि ती कोण दुरुस्त करतो, हे लिहा. चूक पसरते तशी दुरुस्तीही पसरते. हातांनी केलेल्या शंभर नकलांत शंभर निराळ्या चुका राहतात आणि त्या शोधायला कुणी बसत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि सर्वांत वजनदार. २०२२ च्या जूनमध्ये कॉन्फ्लुअन्स या कंपन्यांसाठीच्या विकी सॉफ्टवेअरमध्ये असं खिंडार सापडलं, की लॉगिन न करताही सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता येत. अशा विकीच्या हाती डेटाबेसची किल्ली द्यायची? सगळी किल्ली द्यायचीच नाही. विकीसाठी वेगळं खातं हवं, तेही फक्त वाचण्यापुरतं आणि ठरावीक रकान्यांपुरतं. पासवर्ड पानावर नको. पान उघडणाऱ्याला मूळ प्रणालीत जे दिसत नाही, ते विकीवरही दिसता कामा नये. आता उलट बाजू बघा. जोडणी नसली म्हणून लोक थांबत नाहीत. पगाराचा तक्ता सरळ पानावर चिकटवतात. तो दुसऱ्या दिवशी पुसला तरी पानाच्या इतिहासात, जुन्या आवृत्तीत, तसाच राहतो. अशा चोरवाटेपेक्षा कुलूप असलेला दरवाजा बरा.

तिसरा आक्षेप: जोडणी तुटली की पान कोरं. खरं आहे, पलीकडच्या प्रणालीने एका रकान्याचं नाव बदललं तरी तक्ता गायब होतो. म्हणून शेवटची आलेली प्रत जपून ठेवावी आणि तिच्यावर तारीख-वेळ ठळक छापावी. उताऱ्याची किंमत त्यावरच्या तारखेने ठरते. हाताने चिकटवलेल्या तक्त्यावर ती बहुधा नसतेच.

एवढं मंडन केल्यावर माझ्याच बाजूच्या उत्साही मंडळींनाही दोन शब्द. सगळंच जोडा म्हणणाऱ्यांच्या विकीवर आलेख नाचतात, आणि वाक्य औषधालाही सापडत नाही. मार्चमध्ये पुरवठादार बदलला, हे डेटाबेस सांगेल. का बदलला, कोणता पर्याय नाकारला, पुन्हा कधी विचार करायचा, हे कुठल्याच रकान्यात नसतं. ते माणसानेच लिहायचं, आणि नकलांची हमाली गेली तरच त्याला वेळ मिळतो.

सातबाऱ्यावर भावाभावांची नावं असतात, क्षेत्र असतं. वाटणी तशी का झाली, विहिरीचं पाणी कुणाला किती दिवस ठरलं होतं, हे घरातल्या आजोबांनाच विचारावं लागतं. विकीने ते आजोबा व्हावं. क्षेत्र किती, हे कुणी विचारलं तर तलाठ्याकडे बोट दाखवण्यात आजोबांना कधी कमीपणा वाटला नाही.