पिंपळपानाची कमान आणि दोन मापे

नाशिकचे सुंदरनारायण मंदिर १७५६ साली गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधले. त्याच्या कमानींकडे बोट दाखवून ‘हा मुघल प्रभाव’ असे सांगणाऱ्यांची वाण नाही. त्यांचे सांगणे चूकही नाही. प्रश्न एवढाच की, हेच बोट युरोपातील चर्चकडे वळताना का आखडते?

गॉथिक चर्च म्हणजे निखळ युरोपीय प्रतिभेचा आविष्कार, असे आपल्या सुशिक्षितांच्या मनावर बिंबले आहे. वस्तुस्थिती काय सांगते? गॉथिकचा प्राण मानली जाणारी टोकदार कमान कैरोच्या इब्न तुलून मशिदीत ८७९ सालापासून उभी आहे. पॅरिसजवळच्या सेंट डेनिस चर्चचा सुप्रसिद्ध गॉथिक भाग पूर्ण झाला तो ११४४ साली! पुढे पूर्वेकडील व्यापारावर गबर झालेल्या व्हेनिसने १४व्या शतकाच्या अखेरीपासून सेंट मार्क चर्चच्या दर्शनी भागावर दुहेरी बाकाच्या कमानी चढवल्या. त्या बाकामागे पूर्वेचा प्रभाव पाश्चात्त्य अभ्यासकांनीच पाहिला आहे. गॉथिकला ‘सॅरसेनिक’ म्हणावे, असे लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचा वास्तुकार क्रिस्टोफर रेन याने १८व्या शतकाच्या आरंभीच मांडले होते.

तोच दुहेरी बाक, तेच वर निमुळते होणारे टोक नाशिककरांच्या उशाशी आहे. पांडवलेण्यातील १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाची पिंपळपानाकृती कमान सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तेथील शिलालेख हे धंभिक गावाचे दान असल्याचे सांगतो. एका गावाने दिलेली ही कमान किती नाशिककरांनी थांबून पाहिली?

येथे विवेक सुटता कामा नये. आपली कमान लाकडी बांधणीचे रूप घेऊन अखंड खडकात कोरलेली आहे. गॉथिकची दगड जोडून रचलेली. फासळ्यांचे छत आणि भिंतींना बाहेरून दिलेले तिरपे धिरे यांचे श्रेय युरोपच्या गवंड्यांचेच. केवळ आकार जुळला म्हणून ‘सारे येथूनच गेले’ अशी आरोळी ठोकणे हा अभ्यास नव्हे. इ. बी. हॅवेल याने १९१३ साली टोकदार कमानीचे मूळ भारतीय बौद्ध वास्तूंत शोधले; तो धागा पुढे न्यायचा तर मोजमापे, रेखाटने आणि कालक्रम हवा.

मात्र माप एकच हवे. युरोपने घेतले की ती ‘प्रतिभा’ आणि भारताने घेतले की ते ‘अनुकरण’, हा न्याय कोणता? परके रूप पचवूनही चर्च ख्रिस्तीच राहिले. तसेच सुंदरनारायणही हिंदूच राहिले. उसन्या चष्म्यातून पाहणाऱ्याला मात्र स्वतःच्या घराची कमानही परकीच दिसणार.