कॉफीचा दर कोण राखतो?



आपण ऊसवाले, कॉफीशी आपलं काय घेणं-देणं, असे कोणी म्हणेल. पण ही गोष्टही लहान शेतकऱ्यांची आणि त्यांच्या सहकारी संस्थांचीच आहे.

मेक्सिकोतील वाहाका राज्यात डोंगरावर कॉफी पिकविणारे आदिवासी शेतकरी पूर्वी सर्वस्वी दलालाच्या हाती होते. तिकडे या दलालाला 'कोयोते' म्हणतात. हे कोल्ह्यासारखे एक जनावर. (नाव ठेवणाऱ्याने बरोबर ठेवलंय!) १९८० नंतरच्या वर्षांत या शेतकऱ्यांनी आपली संस्था उभी केली. १९८८ साली हॉलंडच्या दुकानांत 'मॅक्स हावेलार' शिक्क्याची पहिली कॉफी आली, ती याच संस्थेची. शिक्क्याचा अर्थ एवढाच की बाजार कितीही पडो, ठरलेल्या किमान दराखाली खरेदी नाही. बाजार चढला तर चढा भाव.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, कॉफीचा आंतरराष्ट्रीय कोटा मोडला नि भाव कोसळले. २००१ साली न्यूयॉर्कचा भाव पौंडाला ५० सेंटांच्याही खाली गेला, तेव्हा शिक्क्याचा दर सव्वा डॉलरच्या घरात होता. २०२३ साली किमान दर १ डॉलर ८० सेंट झाला. त्यावर २० सेंट वेगळे मिळतात. ते कशाला वापरायचे हे सभासदांची सभा ठरवते.

आता खरी मेख. संस्थेला शिक्का मिळाला म्हणजे तिची सगळी कॉफी या दराने जाते असे नाही. गिऱ्हाईक शिक्क्याची जेवढी मागेल तेवढीच जाते, उरलेली बाजारभावाने. आपल्या उसाला एफआरपी आहे, चौदा दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे. ते थकतात, भांडावं लागतं, ही गोष्ट निराळी. पण भांडायला कायदा तरी हाताशी आहे. कॉफीवाल्याचा किमान दर मात्र परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या माहितीवर उभा आहे. म्हणून तिथला ग्राहक जागा होणे याला आम्ही दानधर्म मानत नाही. त्याने दुकानदाराला विचारलं नाही, तर इकडे पोतं स्वस्तात जातं. त्यात हल्ली मोठ्या कंपन्या स्वतःचेच शिक्के छापतात. त्यात पुष्कळदा किमान दराचा पत्ताच नसतो. स्वतःच स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्रक ते!

साखरही यातून सुटलेली नाही. २००८ मध्ये बेलीझ देशातील ऊस उत्पादकांची साखर इंग्लंडमध्ये अशा शिक्क्याने विकायचे ठरले. आपली साखर मात्र पोत्यातून व्यापाऱ्याकडे जाते आणि मुंबईच्या बाईला चहात कोणाचा ऊस विरघळला हे कळत नाही. कारखान्याने एक किलोचे पुडे काढावेत आणि प्रत्येक पुड्यावर त्या हंगामात उसाला दिलेला दर छापावा, अशी आमची सूचना आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ती मांडणार आहोत.