कवितेचा प्रश्न कोरा का राहतो?

मंडळी, धानाचे चुरणे आटोपले. बांधीत लाखोळी आणि जवस उभा आहे, हाताला थोडी उसंत आहे. ज्यांच्या घरी यंदा दहावीचे लेकरू आहे त्यांनी हे पान जरा सावकाश वाचावे. जमल्यास त्या लेकराकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे. तेवढाच वाचनाचा सराव.

गणिताची आणि इंग्रजीची धास्ती घरोघरी असते. मराठीला मात्र आपण 'आपलीच भाषा, तिचा कसला अभ्यास' म्हणून सोडून देतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हे बोलणे अर्धेच खरे आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरीच्या बाजूला घरात झाडीबोली चालते. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे कितीतरी घरांत गोंडी किंवा माडिया, आणि खाली सिरोंच्याला तेलुगू. पुस्तकातली मराठी ही आपल्या पुष्कळ मुलांची दुसरी भाषा आहे. तिला अभ्यास लागतो. तो केला तर गुणही हमखास मिळतात.

मराठी कुमारभारतीचा लेखी पेपर ८० गुणांचा, वेळ तीन तास. उरलेले २० गुण शाळेच्या हातचे. ८० मध्ये धड्यांना १८, कवितांना १६, स्थूलवाचनाला ६, व्याकरण व भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४. सर्वांत मोठा वाटा शेवटच्या भागाचा, आणि तेथेच मुले घाईला येतात.

आधी कवितेचे बघू. कवितेच्या विभागात रसग्रहणाला ४ गुण असतात. हा प्रश्न पुष्कळ मुले कोरा सोडतात, नाहीतर गाईडातला पाठ केलेला उतारा उतरवून काढतात. गाईड एकच, म्हणून शंभर मुलांचे उत्तरही एकच. तपासणाऱ्या गुरुजींना ते दुसऱ्या ओळीलाच कळते.

रसग्रहण म्हणजे काही अवघड विद्या नाही. कवी काय सांगतो, कसे सांगतो आणि ते आपल्याला का भिडते, एवढेच सांगायचे असते. त्याला पुस्तकात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषेची वैशिष्ट्ये अशी नावे आहेत. समजा, एखाद्या कवितेत पावसाला पाहुणा म्हटले आहे. मुलगा लिहितो, 'येथे रूपक अलंकार आहे,' आणि पेन खाली ठेवतो. अहो, खरी गोष्ट तर पुढेच आहे! पाहुणाच का म्हटले? तो आपल्या मर्जीने येतो, बोलावून येत नाही. आला की घर आनंदते. थांब म्हटले तरी निघून जातो. रोवणा अर्धा झालेला, बोडी आटत चाललेली आणि घरातला प्रत्येक जण आभाळाकडे बघतो आहे, असे दिवस ज्या मुलीने पाहिले तिला हे समजावून सांगावे लागत नाही. तिने तीन-चार वाक्यांत ते लिहिले, की कवितेतला शब्द आणि त्यामागचा अर्थ यांची गाठ पडली. अलंकाराचे नाव लिहायचे, पण नावावर थांबायचे नाही.

तुम्ही म्हणाल, असे बोलायला आमच्या लेकरांना कोण शिकवणार? तुम्हीच शिकवता, रोज शिकवता. धान निघाल्यापासून होळीपर्यंत आपल्याकडे मंडई, शंकरपट आणि रात्रभराची नाटके असतात. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. या झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. रात्रभर नाटक पाहिल्यावर सकाळी चहाच्या टपरीवर काय चर्चा होते ती आठवा. खलनायकाचे काम जोरदार झाले, पण शेवटच्या अंकात त्याला एकदम पश्चात्ताप झाला तो पटला नाही. आईचे गाणे लांबले, पण ते नसते तर मुलाचा राग कळला नसता. हे रसग्रहणच आहे, मंडळी. काय आवडले आणि का आवडले, हे आपली माणसे सहज सांगतात. हीच सवय धड्यातल्या आणि कवितेतल्या माणसाला लावायची. संध्याकाळी चुलीपाशी बसून मुलाला विचारा, 'आज कोणती कविता वाचली रे? त्यातली कोणती ओळ तुला पटली?' तुम्हाला स्वतःला वाचता येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. तो तोंडाने सांगेल, ते त्याच बैठकीला वहीत उतरवायला लावा.

(नाटक बघू द्यावे की नाही, असेही घरोघरी चाललेले असते. माझे मत विचाराल तर एखादे जरूर बघू द्या. पण पेपर पंधरा दिवसांवर आले, की रात्रीचे जागरण पुरे.)

आता २४ गुणांचे लेखन. पत्र किंवा सारांश यांपैकी एक, ६ गुण. जाहिरात, बातमी, कथा यांतले दोन, प्रत्येकी ५. आणि प्रसंग, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांतला एक मोठा मजकूर, ८ गुण.

पत्राचा सराव घरातच होऊ शकतो. रानडुकरांनी धान लोळवले, की वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना अर्ज द्यावा लागतो. तो दुसऱ्याकडून लिहून घेण्यापेक्षा दहावीच्या मुलीला लिहू द्या. प्रति, विषय, नुकसान कोणत्या तारखेला झाले, कोणत्या शेतात, कोणते पीक, किती, आणि शेवटी मागणी काय: पंचनामा करावा. मोघम रडगाणे नको, कामाचे तेवढेच हवे. परीक्षेतल्या पत्रालाही हेच लागते. गावात ग्रामसभा झाली तर तिची बातमी लिहायला सांगा: कधी, कुठे, कोण, काय ठरले. महत्त्वाचे ते पहिल्या वाक्यात.

आत्मकथनात मुले वडाच्या झाडावर किंवा फाटक्या पुस्तकावर लिहितात, कारण गाईडात तेच असते. झाडाचा विषय आला तर आपल्या मुलाने मोहाचे झाड का घेऊ नये? पहाटे टपटप पडणारी फुले, अंधारात टोपली घेऊन येणारी आई, फुलांच्या वासाने आलेले अस्वल, फुले वेचायला सोपे जावे म्हणून बुडाशी लावलेली आग आणि तिचा झालेला वणवा. हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. शहरातल्या मुलाला हे सुचणार नाही.

एक अडचण खरी आहे. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, श नाही. मुलगा बोलतो तसे लिहितो: पानी, सेती, डोरा. यावर त्याला हिणवू नका. ती बोली चुकीची नाही, तिची संमेलने भरतात, तिच्यात पुस्तके निघतात. परीक्षेत मात्र पाणी, शेती, डोळा असेच लिहावे लागते. त्याच्याच वहीतून असे चुकणारे शब्द वेचा आणि रोज दहा लिहून घ्या. कथेतल्या म्हाताऱ्याच्या तोंडी अवतरणचिन्हांत एखादे बोलीतले वाक्य घातले तर माझ्या मते ते शोभते. बाकी निवेदन पुस्तकी मराठीत.

वेळेचेही सांगून ठेवतो. उपयोजित लेखन पेपरच्या शेवटी येते आणि मुलांच्या हाती तेव्हा वीस मिनिटे उरलेली असतात. त्याला निदान पन्नास मिनिटे ठेवलीच पाहिजेत. एका रविवारी घड्याळ समोर ठेवून जुना पेपर पूर्ण तीन तास सोडवू द्या. त्या वेळात पाणी आणायला, गुरे बांधायला हाक मारू नका.

आणि मोहाचा हंगाम परीक्षेच्या पाठोपाठच येतो, कधी तोंडावरच येतो. पहाटे फुले वेचायला बहुधा मुलीच जातात. पेपर संपेपर्यंत तिची टोपली घरातल्या दुसऱ्या कोणी तरी उचलावी. दोन पायल्या फुले कमी आली तर येऊ द्यावीत.