सावळ्या पापण्यांना कोणता रंग?

काजळ आणि लिपस्टिक सहज वापरणाऱ्या कितीतरी जणी आयशॅडोच्या डबीला मात्र हात लावत नाहीत. ‘आमच्या सावळ्या रंगाला ते कुठलं शोभायला!’ असे त्यांनी ठरवूनच टाकलेले असते. बहुधा कधीतरी एखाद्या लग्नात कुणीतरी हौसेने फिकट निळी किंवा बेबी पिंक शॅडो लावून दिलेली असते आणि फोटोत डोळे राख फासल्यासारखे आलेले असतात.

यात तुमच्या वर्णाचा काही दोष नाही. फिकट शेड्समध्ये पांढऱ्या रंगद्रव्याचे प्रमाण बरेच असते. गोऱ्या पापणीवर ते मिसळून जाते. सावळ्या पापणीवर मात्र पांढुरकी साय धरल्यासारखे दिसते. म्हणून सावळ्या मैत्रिणींनी तांब्याची झाक असलेला तपकिरी, ब्राँझ, जुन्या सोन्याचा रंग, वांगी किंवा गर्द मोरपंखी असे रंग निवडावेत. खरे सांगायचे तर हे गडद रंग गोऱ्या मुलींपेक्षा सावळ्या मुलींनाच अधिक खुलतात. पहिल्यांदाच घेणार असाल तर तपकिरी आणि ब्राँझ या दोन शेड्स पुरेशा आहेत. बारा रंगांच्या पॅलेटमधले आठ तसेच पडून राहतात.

दुकानात रंग मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहू नका, तिथली त्वचा उजळ असते. हाताच्या पाठीवर लावा आणि दाराबाहेर उजेडात येऊन पाहा. साडीच्याच रंगाची शॅडो हवी, हा हट्टही सोडावा. हिरव्या साडीवर हिरव्या पापण्या फार भडक दिसतात. त्यापेक्षा जरीच्या काठाचा सोनेरी रंग घ्यावा.

आता लावण्याची पद्धत. पापणीवर आधी फाउंडेशनचे अगदी थोडे बोट फिरवून वर हलकी पावडर लावा, म्हणजे रंग घडीत गोळा होणार नाही. ब्रशवर शॅडो घेतली की तो डबीच्या कडेवर हलकेच झटकावा. ब्रॉंझ रंग पापणीभर थोपटून लावा, घासू नका. मग डोळा उघडा ठेवून आरशात सरळ पाहा आणि तपकिरी रंग बाहेरच्या कोपऱ्यात, पापणीच्या साधारण एक तृतीयांश भागावर लावा. शेवटी कोरड्या, स्वच्छ ब्रशने दोन रंगांची सीमा मोटारीच्या वायपरसारखी इकडून तिकडे पुसट करा. सगळी खुबी याच पायरीत आहे आणि घाईत नेमकी हीच राहून जाते. ब्रश नसेल तर अनामिका वापरा, तिचा दाब हलका पडतो.

चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट. मायनस नंबरच्या काचेतून डोळे लहान दिसतात, तेव्हा पापणीच्या मध्यभागी थोडी चमक चालते. प्लस नंबरची काच सगळेच मोठे करून दाखवते, अगदी नीट न पसरलेला रंगसुद्धा! तिथे बिनचमकीच्या शेड्स बऱ्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स मेकअपच्या आधी घालावी आणि मेकअप पुसण्याआधी काढावी.

काटकसर म्हणून कुंकू, गुलाल किंवा लिपस्टिक पापणीवर लावणाऱ्याही असतात. तसे मुळीच करू नका. कपाळासाठी किंवा ओठांसाठी बनवलेला रंग डोळ्यांसाठी सुरक्षित असेलच असे नाही. लग्नघरात एकच ब्रश पाच जणींच्या डोळ्यांवरून फिरतो, तेही टाळावे. आपला ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवावा. डोळे आले असतील तर पूर्ण बरे होईपर्यंत मेकअप बंद ठेवा आणि त्या दिवसांत वापरलेले काजळ, मस्कारा व स्पंजचा ॲप्लिकेटर सरळ फेकून द्या. महागाचे असले तरी!